आजीच्या सिंगरची फळी आणि झाकण: पूर्ण घासून काढावं की जुनं पॉलिश जपावं?

उभा_टाका
नमस्कार मंडळी. साताऱ्याचं घर रिकामं करताना आजीचं पायमशीन पुण्याला आणलं. सिंगरचं आहे, नंबर वाय अक्षराने सुरू होतो. मशीन फिरतंय, स्टँडला थोडा गंज आहे, पण चाक मोकळं आहे. प्रश्न लाकडाचा आहे.

फळी आता जवळजवळ काळी दिसते. पॉलिशला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्यात आणि उन्हाळ्यात हात चिकटतो. उजव्या कोपऱ्यात वरचा पापुद्रा सुटून फुगलाय. मधे कपाचं एक पांढरं वर्तुळ आहे आणि त्याच्याजवळ एक काळा गोल डाग (घरात कुणीही शिवत नव्हतं तेव्हा त्यावर मनीप्लँटची कुंडी होती, त्याआधी टीव्ही). डाव्या खणाच्या तळाला बारीक भोकं आहेत. वरचं घुमटाकार झाकण एका टोकाला उकललंय आणि त्याची किल्ली हरवली आहे.

सुताराला दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, मशीन मारून सगळं घासतो, वर पीयू (पॉलियुरेथेनचा कडक थर) मारतो, नाहीतर सरळ सनमायका लावू." मला दोन्हीची धास्ती वाटते. कुणी हे काम घरी केलंय का?

कात्रीवाले_काका
सनमायका लावा आणि मोकळे व्हा. कापड सरकतं, डाग पडत नाही. माझ्या दुकानात सगळ्या टेबलांना तोच आहे.

अर्धवट_वकील
मनीप्लँट ठेवूनसुद्धा मनी आला नाही, म्हणून आता मशीन विकायला काढताय का ते आधी स्पष्ट करा.

रंधामास्तर
उभा टाका ऊर्फ उटा, सुताराला आठवडाभर थोपवून धरा. आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, लाकूड भरीव आहे की व्हेनियर, म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. मशीन बसतं त्या खाचेच्या आतल्या कडेला बॅटरी मारून बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली वळलेल्या दिसल्या तर फळी भरीव. कडेला कागदासारखा वेगळा थर दिसला तर व्हेनियर. तुमचा कोपरा 'फुगलाय' म्हणजे बहुतेक व्हेनियरच. हा थर एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्यावर सँडरचं मशीन फिरवलं की कडेला आरपार जायला मिनिटही लागत नाही, आणि खालचं फिकट लाकूड एकदा उघडं पडलं की त्यावर इलाज नाही.

दुसरी, पॉलिश कोणतं आहे. खणाच्या मागच्या बाजूला किंवा फळीच्या खालच्या कडेला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून लावा. चिकट झालं आणि बोळा तपकिरी झाला तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे आपलं चपडा पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर नंतर कुणीतरी व्हार्निश फासलंय.

लाखेचं निघालं तर तुम्ही नशीबवान. लाख पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे जुना थर काढावाच लागत नाही. तो मऊ करायचा, भेगा मिटवायच्या, वर नवे हात द्यायचे. आज केलेलं काम वीस वर्षांनी पुन्हा असंच करता येतं. पीयूत ते जमत नाही. ते बिघडलं की सगळं खरवडूनच काढावं लागतं.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: स्पिरिट लाकडाला, मशीनला नाही. काळ्या मशीनवर जी सोनेरी नक्षी असते ती स्पिरिटने निघून येते. आधी पट्टा काढा, मशीन मागे कलंडवा, बिजागरीचे दोन स्क्रू ढिले करून ते उचलून बाजूला ठेवा. जड असतं, सोबत कुणीतरी घ्या.

क्लाइडकाठ
ग्लासगोहून. वाय म्हणजे तुमचं मशीन इथलं, क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. १९००च्या आसपासपासून सिंगरने नंबराच्या आधी अक्षर घालायला सुरुवात केली. वाय साधारण १९२०चं दशक ते १९३०च्या दशकाचा मध्य. हा कारखाना १८८५ला सुरू झाला आणि १९८०ला बंद पडला. त्याचं प्रचंड घड्याळ १९६३मध्ये उतरवलं. आता तिथे कारखान्याचं फारसं काही उरलेलं नाही, पण लोकलच्या स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. आवारात लाकडाचं मोठं यार्ड होतं, फळ्या आणि झाकणं तिथेच बनायची. अमेरिकेत त्यांचा कॅबिनेटचा मोठा कारखाना साउथ बेंडला होता. त्या लोकांनी ओक आणि अक्रोडाचं व्हेनियर भरपूर वापरलं.

कात्रीवाले_काका
सगळ्याच फळ्या विलायती नसतात हो. आमच्याकडे आलेल्या कित्येक सिंगरची मूळ फळी कधीच गेलेली असते आणि वर गावच्या सुताराने बसवलेला भरीव साग असतो. साग असेल तर खुशाल घासा.

रंधामास्तर
काका, हे मान्य. म्हणून तर आधी कड बघायला सांगितली.

मावळतीचं_ऊन
विषय निघालाच आहे तर: यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायको हाताने शिवताना थकते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी यंत्र शोधलं, असं त्यांनी सांगितलं होतं.

खडूस_पेन्शनर
गांधीजींच्या कानावर गोष्ट गोड करून गेली होती. आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकवाला. त्याला वेगवेगळ्या बायकांपासून किमान दोन डझन मुलं झाली. आणि लॉकस्टिचचं (वरच्या आणि खालच्या दोन धाग्यांच्या टाक्याचं) पेटंट १८४६ साली इलायस हाउने घेतलं होतं. सिंगरचं १८५१चं. हाउने दावा लावला, जिंकला, आणि सिंगरला रॉयल्टी मोजावी लागली. एवढ्या संसारांना शिवणकाम किती लागत असेल बघा, यंत्र काढण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

अर्धवट_वकील
दोन डझन म्हणजे घरच्या घरी गणवेशाची ऑर्डर.

खाडीपल्याड
रत्नागिरीकडून एक सूचना. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश करू नका. हवेत दमटपणा असला की स्पिरिट उडताना ओल धरतं आणि थर दुधाळ पांढरा होतो. आमच्याकडे दसऱ्यानंतरच पॉलिशवाले हातात बोळा धरतात. तुमच्या कपाचं पांढरं वर्तुळही त्यातलंच, ओल लाखेच्या थरात अडकलेली असते, लाकडापर्यंत गेलेलीच नसते. स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा त्यावरून भराभर फिरवला की बहुतेक वेळा जातं. जोर लावायचा नाही.

काळा डाग मात्र वेगळं प्रकरण. तो लाकडात उतरलेला असतो. कुंडीखाली लोखंडी स्टँड होता का?

उभा_टाका
होता! लोखंडी तिपाई. तुम्हाला कसं कळलं?

खाडीपल्याड
ओक, अक्रोड, साग यांत टॅनिन (तुरट अंश) असतं. लोखंड आणि पाणी मिळालं की टॅनिनची शाई होते. पूर्वी शाई अशीच करायचे. डाळिंबाची साल ओल्या पंच्यात गुंडाळून लोखंडी कढईत ठेवून बघा, पंच्याला पडलेला डाग धुऊन जात नाही, आमच्या आईने त्यापायी दोन पंचे घालवले. लाकडावर यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. कोमट पाण्यात विरघळवून फक्त डागावर ब्रशने लावायचं, फिकट झालं की स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून काढायचं. विषारी आहे, हातमोजे हवेत, सुकल्यावर ती पावडर उडू द्यायची नाही आणि सुकलेली जागा घासायची नाही. पण त्या जागचं पॉलिश आधी काढावं लागेल, नाहीतर ॲसिड वरच बसून राहील.

रंधामास्तर
खाडीपल्याड यांचं सगळं बरोबर, एकच भर. व्हेनियरखाली सरेस (जुना सुतारी डिंक) आहे, आणि सरेस पाण्याने सुटतो. पाणी कमी, फडकं पिळून, आणि फुगलेला कोपरा आधी चिकटवून घ्या.

कोपऱ्याचं काम: फुगवटा दाबला की कटकट आवाज येतो का बघा. येत असेल तर खाली पोकळ आहे. धारदार ब्लेडने रेषांच्या दिशेनेच चीर द्या, आडवी नाही. आत गरम सरेस पातळ करून सुईने किंवा पातळ सुरीने सरकवा, वर मेणकागद, त्यावर सपाट लाकडी ठोकळा, आणि क्लॅम्प किंवा पाटा-वरवंट्याचं वजन. रात्रभर तसंच. काही वेळा नवा सरेसही लागत नाही. ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवली की आतला जुना सरेस मऊ होऊन पुन्हा धरतो. आधी हे करून बघा. झाकणाचं उकललेलं टोकही तसंच बसेल, फक्त गोलाईवर क्लॅम्प टिकत नाही, तिथे सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळा.

निर्मळा
एक शंका. सरेस हाडा-कातड्यांपासून करतात ना? आमच्या घरात ते चालणार नाही. फेव्हिकॉल चालेल का?

रंधामास्तर
चालेल, पण जुना सरेस गरम पाण्याच्या फडक्याने पूर्ण काढल्यावरच. वरून लावला तर धरत नाही. आणि फेव्हिकॉल एकदा धरला की पुढच्या माणसाला तो जोड उघडता येणार नाही.

खडूस_पेन्शनर
निर्मळाताई, लाख ही किड्यांपासून येते हे कुणी सांगितलं नाही वाटतं तुम्हाला.

निर्मळा
पैठणी नेसताना रेशमाचाही विचार करते मी, आजोबा. प्रत्येकाने आपापली रेघ कुठे ओढायची ते ठरवलेलं असतं.

खडूस_पेन्शनर
हे उत्तर आवडलं. माघार.

मोगरावेणी
हा धागा दोनदा वाचला. माझ्या आईने पायमशीनवर ब्लाउज शिवून आम्हा तिघांची शिक्षणं केली. तिच्या फळीच्या पुढच्या कडेला तिने ब्लेडने बारीक खुणा पाडल्यात. इंचपट्टी नव्हती तेव्हा दर्जीमामांच्या टेपवरून एकदाच मोजून घेतल्या. मोठी खूण गळ्याची, दोन जवळजवळच्या बाहीच्या, आणि एक कोपऱ्यात, ती कशाची ते तिलाही आता आठवत नाही. फळीच्या उजव्या हाताला कात्री ठेवायची जागा आहे, तिथे लाकूड खोलगट झालंय, बोट फिरवलं की कळतं. मागे एका पॉलिशवाल्याने "हे सगळं भरून एकसारखं करतो" म्हटलं तेव्हा त्याला चहा देऊन परत पाठवलं.

उटा, तुमच्या फळीवर असलं काही आहे का ते घासायच्या आधी तिरप्या उजेडात बघा.

कात्रीवाले_काका
कोपऱ्यातली खूण हुकपट्टीची असणार. आम्हीही टेबलाला खिळा ठोकून ठेवायचो.

आणि ताई, मी सनमायका म्हणालो ते दुकानापुरतं. आमच्याकडे दिवसभर टेबलावर इस्त्री, वाफ, चहाचे ग्लास, खडू. लाखेवर गरम ग्लास ठेवला की गेलंच. ज्याला शिवायचंय त्याने टेबल जपत बसायचं का? उद्या मशीन चालणार असेल तर वेगळा हिशेब आणि दिवाणखान्यात फ्लॉवरपॉट ठेवणार असाल तर वेगळा. हे आधी ठरवा, मग पॉलिश.

रंधामास्तर
काकांचा मुद्दा खरा आहे. लाखेला उष्णता, पाणी आणि दारू तिन्ही सोसत नाही. रोज शिवायचं असेल तर लाखेचे हात पूर्ण सुकल्यावर वर मेणाचा एक हात द्या आणि इस्त्रीला वेगळी जागा करा. त्यातही भागत नसेल आणि फळी भरीव सागाची असेल, तर अळशीचं उकळलेलं तेल पातळ पातळ हातांनी जिरवा. ओरखडा आला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल. मात्र तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आतून तापून आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. गंमत म्हणून सांगत नाहीये, सुतारशाळेत हा पहिला धडा असायचा.

अर्धवट_वकील
स्पिरिट, तेल, पेटणारी फडकी, विषारी पावडर. आजीचं मशीन दुरुस्त करताय की दिवाळीचा कारखाना काढताय?

बाजारबुणगा
किल्लीबद्दल. त्या झाकणाची किल्ली नेहमीसारखी दातेरी नसते, गोल नळी असते आणि टोकाला खाच. कुलूप फार साधं असतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर एखाद्या पथारीवर किल्ल्यांचा ढीग असतो, त्यात मिळते. झाकण जबरदस्तीने उचकटू नका, तिथेच लाकूड फाटतं.

तिथे एक बघून वाईट वाटतं. लोक बिडाचे स्टँड वेगळे विकत घेतात, वर काच किंवा संगमरवर टाकून कॅफेचं टेबल करतात, आणि फळ्या मागे सरपणासारख्या पडून असतात. फळी मागितली तर विक्रेता म्हणतो, "नुसती फळी? ती कोण घेतो?" मी घेतो. स्टँड नसलेल्या माणसाला फळी फुकटात मिळते.

खडूस_पेन्शनर
कॅफेत बसून पायडल हलवत कॉफी पिणाऱ्यांची मला गंमत वाटते. चाक फिरतं, टाका पडत नाही.

किडेबाबू
खणातल्या भोकांकडे कुणी वळलंच नाही. उटा, भोकं म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण, तो आत आहे असं नाही. खणाखाली काळा कागद अंथरा आणि थोडे दिवस तसाच ठेवा. कागदावर पिठासारखी बारीक पूड पडली तर आत अजून खाणं चालू आहे. नाही पडली तर जुनंच प्रकरण, भोकं मेणाने बुजवा आणि सोडून द्या.

पूड पडली तर उघड्या, पॉलिश नसलेल्या बाजूने बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण ब्रशने दोन-तीनदा द्या. पॉलिशवरून काही आत जात नाही. खणाचा तळ बहुधा हलक्या लाकडाचा असतो, कीड तिथे आधी लागते. सागाच्या आतल्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. फारच पोखरलं असेल तर तळ नवा बसवा, खणाचा दर्शनी भाग तोच ठेवा.

उभा_टाका
सगळ्यांचे आभार, आता प्रगती. फळी व्हेनियरचीच निघाली. स्पिरिटने बोळा तपकिरी झाला, म्हणजे लाख. सुताराला थांबवलंय. तो म्हणाला, "मग तुम्हीच करा."

टर्पेंटाइनच्या फडक्याने वरचा थर पुसला तर तेल आणि मळाचा चिखलच निघाला आणि फळी काळी नाही, लालसर तपकिरी आहे हे कळलं. पांढरं वर्तुळ गेलं. कोपरा इस्त्रीने बसला, सरेस लागला नाही. काळा डाग फिकट झालाय पण गेलेला नाही. काळ्या कागदावर पूड नाही.

मोगरावेणी, तिरप्या उजेडात बघितलं. खुणा नाहीत, पण फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने आकडे लिहिलेत: छाती, कंबर, उंची, आणि शेजारी "कुसुम". कुसुम म्हणजे आमची आत्या. ती बाजू तशीच ठेवणार.

दोन अडचणी. मशीन बसतं त्याच्याखालचं लाकूड तेलाने भिजून काळं झालंय, तिथे काही धरेल का? आणि पॉलिश ब्रशने द्यायचं की बोळ्याने?

मोगरावेणी
आत्याला फोटो पाठवा! आजच्या आज.

रंधामास्तर
तेल मुरलेल्या जागी खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या. सुकला की तो तेल ओढून पिवळा पडतो. झटकून पुन्हा लावा, पिवळा पडायचा थांबेपर्यंत. ती जागा मशीनखाली झाकलेलीच राहते, तेव्हा अगदी निर्मळ व्हायची गरज नाही. यापुढे मशीनखाली बनियनचा तुकडा ठेवत जा.

पॉलिश बोळ्याने. लिटरभर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडा. तुम्हाला पाव लिटर पुरेल, त्या हिशेबाने घ्या. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, लोखंडी डब्यात नको, रंग काळवंडतो. सकाळी मलमलमधून गाळा. बाजारातला तयार डबा किती जुना आहे सांगता येत नाही, आणि शिळी लाख नीट सुकतच नाही, चिकट राहते. म्हणून घरीच करा.

कापसाचा लिंबाएवढा गोळा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधा. पॉलिश आत कापसाला पाजायचं, बाहेरून बुडवायचं नाही. हातावर दाबून बघा, ओलसर लागला पाहिजे, गळता कामा नये. मग रेषांच्या दिशेने, विमान उतरतं-उडतं तसं टेकवत आणि उचलत जायचं. मधेच थांबलात तर बोळा तिथेच चिकटतो. पहिल्या हातालाच भेगा भरताना दिसतील. दोन-तीन हात दिले की एक रात्र सोडा, अगदी झिजलेल्या पॉलिश पेपरने नुसतं हळुवार पुसा, मग पुढचे हात. चकाकी फार नको असेल तर शेवटी मेण.

काळ्या डागासाठी ऑक्झॅलिक आणखी एकदा, बस. त्यानंतरही राहिला तर राहू दे.

कात्रीवाले_काका
हे सगळं झाल्यावर पट्टा बदला. जुना चामड्याचा पट्टा सैल झाला की चाक फिरतं आणि मशीन घसरतं. पट्टा कापून तारेच्या खिट्टीने जोडतात, थोडा आखूडच कापा, चामडं ताणतं. आणि पहिला टाका जाड कापडावर घाला, आत जिरलेलं तेल त्याच कापडावर येऊ दे.

उभा_टाका
काका, पट्टा आणलाय. आत्याचा फोन आला होता. ते माप तिच्या शाळेच्या परकराचं, असं म्हणाली. आणि "आईने तो आखूड शिवला होता," हेही.

सांगलीकर_सून
उशिरा आले. आमच्याकडे उषाचं मशीन आहे, फळीवर सासऱ्यांनी आधीच सनमायका लावून ठेवलाय. तो काढून खालचं लाकूड मिळेल का?

रंधामास्तर
फेव्हिकॉलने लावला असेल तर अवघड. रबराच्या सोल्यूशनने लावला असेल तर कोपऱ्यातून हेअर ड्रायरची ऊब देत पातळ पट्टी सरकवत न्या, मऊ पडून उलगडतो. खाली काय आहे ते आधी फळीच्या उलट्या बाजूने बघा. साग असेल तर मेहनत घ्या. प्लाय असेल तर सासऱ्यांनी बरोबर केलंय.

सांगलीकर_सून
उलटून बघितलं. साग आहे. सासऱ्यांना कसं सांगायचं?

अर्धवट_वकील
त्यासाठी वेगळा धागा काढा. 'कौटुंबिक' विभागात.